आवाज वाढवण्याची तालीम

मिरजेत नऊ वर्षं मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स होते. ओंजळीत मावतील एवढी बाळं, काचेच्या पेट्या, मंद दिवे. तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. बोललं तर बाळ दचकतं, श्वास अडखळतो. नऊ वर्षांत माझा आवाज इतका खाली बसला की भाजीवालासुद्धा दोनदा विचारायचा. मला त्याचं काही वाटत नसे.

माझ्या नवऱ्याला, लोकेशला, हुबळीत नोकरी लागली आणि आम्ही कमरीपेठेत बिऱ्हाड केलं. कर्नाटकात नर्स म्हणून नोंदणी व्हायलाच दोन महिने गेले. त्या दिवसांत मी झोपेत चालल्यासारखी शहरभर फिरले. लॅमिंग्टन रोडवर दुपारी शाळा सुटायची, गलका उठायचा, आणि तो मला काचेपलीकडून ऐकू यायचा. वाटायचं, आपणच पेटीत निजलोय आणि बाहेरून कुणीतरी आपल्याला न्याहाळतंय. खरं सांगते, छान वाटायचं. फक्त हात रिकामे होते, आणि ते काही केल्या सोसवत नव्हतं.

नोंदणी झाल्यावर दोन रुग्णालयांनी मला मुलाखतीतूनच परत पाठवलं. आवाजच नाही, घाबरट दिसते, म्हणाले. त्यांतल्या एकानं जनरल वॉर्ड देऊ केला, तोही उपकार केल्यासारखा. मला बाळंच हवी होती.

मग लोकेशनं मनावर घेतलं. आमच्या खोलीखाली पत्र्याचे डबे करणाऱ्या केदारीअण्णांचं दुकान. त्यांची ठोकाठोक चालू असताना मी गच्चीच्या एका टोकाला उभं राहून नाव, शिक्षण, अनुभव सगळं सांगायचं आणि दुसऱ्या टोकाला लोकेशला ते ऐकू यायला हवं. आठवड्याभरात मी अशी तयार झाले की अण्णा हातोडा ठेवून वर आले आणि आमचं भांडण मिटवायला बसले.

तिसरी मुलाखत विद्यानगरातल्या एका लहान रुग्णालयात होती. तिथल्या इन्चार्ज दुर्गव्वा सिस्टर कामात होत्या, म्हणून त्यांनी मला गाऊन घालून थेट विभागातच बोलावलं. आत तोच मंद उजेड, तीच ऊब. तिथं तरी मला भान राहायला हवं होतं. पण तालमीचं भूत मानगुटीवर बसलेलं, मी दारातूनच खणखणीत म्हणाले, "मी गौतमी. नऊ वर्षांचा अनुभव आहे."

कोपऱ्यातलं बाळ दोन्ही हात फेकून दचकलं आणि रडू लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुर्गव्वांचे हात दुसऱ्या पेटीत गुंतले होते. त्या वळल्याही नाहीत.

"उठवलंस तू. आता निजव पण तूच."

मी बेसिनपाशी गेले. बाळ रडत होतं, तरी कोपरापर्यंत पूर्ण वेळ हात धुतले, कोरडे केले, चोळून गरम केले. मग एक तळवा त्याच्या डोक्यावर, दुसरा पोटाशी दुमडलेल्या पायांवर ठेवला आणि नुसती थांबले. थोपटलं नाही. रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके श्वासांवर आले. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटतं मीही अर्धी झोपले होते.

दुर्गव्वा शेजारी येऊन कधी उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

"सोमवारपासून येतीस?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज माझ्याहूनही बारीक होता.

मी मान हलवली. या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं होतं. डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.