उशाशी ठेवलेला डबा

“उलटा काय करतेस तो? सरळ ठेव. माझ्याआधी त्यालाच चक्कर यायची,” जहीरभाई पलंगावरून म्हणाले.

आरफाने ऐकलं नाही. पायातले बूटही न काढता ती अब्बांच्या उशाशी गुडघ्यांवर बसली होती आणि तो पांढरा डबा उलटा करून मोबाइलच्या उजेडात त्याच्या पोटावरचं नाव वाचत होती. नाव तेच होतं. हिंजवडीहून येताना कंपनीची कॅब भूमकर चौकात अडकून पडली होती, तेव्हा तिने हेच नाव बातमीत वाचलं होतं. नेहरूनगरला उतरेपर्यंत ती स्वतःला समजावत होती, की आपला डबा दुसरा असेल.

अब्बा गॅरेजमध्ये रिक्षाचं इंजिन उघडून बसलेले असताना कोसळले, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. छातीत पेसमेकर बसला आणि त्याच्यासोबत हा डबा घरी आला. अब्बा झोपले की हा छातीतल्या यंत्राकडून दिवसभराची खबर घ्यायचा आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून हॉस्पिटलला पोचवायचा. ठोके चुकले, काही वेगळं दिसलं, तर तिकडून फोन येणार. अम्मी, म्हणजे ताजुन्निसा, रोज सकाळी ओढणीच्या टोकाने तो पुसायची.

“काय झालंय त्याला?” अब्बांनी विचारलं.

“काही नाही. बघत होते.”

“बेटा, गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं आणि ‘काही नाही, बघा जरा’ म्हणतं ना, तेव्हा मोठं काम निघतं.”

आरफाला खोटं बोलता येत नसे. तिने सांगितलं. असा डबा जी माहिती पाठवतो, ती वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करून पाठवतो. पण ते कुलूप डब्याची कंपनी स्वतः घडवत नाही. तसा तयार कोड असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. बँका, कारखाने, हॉस्पिटलं सगळे तोच उचलून आपापल्या मालात घालतात. त्या लायब्ररीत एक चूक सापडली होती. ज्याला ती चूक ठाऊक आहे, त्याला कुलूप न फोडताच उघडता येत होतं.

अब्बा हसले. “आमच्या जुन्या स्कूटरींसारखं. एकीची चावी दुसरीला लागायची. आपला दत्तोबा एकदा सोसायटीच्या चेअरमनची गाडी घेऊन चिखलीला पोचला होता.”

“हसू नका अब्बा.”

“मग काय करू? कोण येणार माझी धडधड चोरायला?”

बहुतेक कुणीच येणार नव्हतं. पण येऊ शकत होतं, आणि तेवढं ‘बहुतेक’ आरफाला पुरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती डोकं खाली घालून कामाला लागली. तिची कंपनी चाकणच्या कारखान्यांतल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. त्यात घातलेला तयार कोड कुठे जुना झालाय, कुठे सदोष निघालाय हे शोधायचं आणि नवा बसवायचा, हे आरफाचं काम. कुणाच्या नजरेत न भरणारं काम. नीट झालं की काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. संध्याकाळपर्यंत तिने आपल्या सगळ्या यंत्रांचं कुलूप बदललं.

“झालं ना आपलं? मग क्लोज कर,” तिचा टीम लीड कुलदीप म्हणाला.

“सर, ज्यांचं कुणीच बदलून देत नाही त्यांचं काय?”

तिने डब्याचं सांगितलं. कुलदीप वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची जवळ ओढली.

“हे बघ, ती लायब्ररी दोन-चार माणसं नोकरी सांभाळून, फावल्या वेळात चालवतात. त्यांनी चूक दुरुस्त केली. आता ज्याचा डबा, त्याने ती दुरुस्ती आत घालायची. तू-मी बाहेरून हात लावू शकत नाही.”

“माहीत आहे सर.”

“मग?”

“म्हणूनच विचारतेय.”

तिने डब्याच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाजणाऱ्या संगीतानंतर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅम, रुग्णांना असलेला धोका अत्यंत कमी आहे. उपकरण चालू ठेवावं, ही विनंती.”

“दुरुस्ती कधी येणार?”

“त्याबद्दल सध्या माहिती उपलब्ध नाही, मॅम.”

हृदयाच्या डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “असं कुणाच्या बाबतीत झालंय का?”

“अजून नाही.”

“मग चालू ठेवा. त्या डब्यामुळे वेळेत सापडलेले पेशंट मी पाहिलेत.”

ते बरोबर बोलत होते. आरफालाही ते पटत होतं. तरी रात्री अब्बांच्या खोलीतला तो डबा तिला भिंतीपलीकडून जाणवायचा. ती उठायची, दारात जाऊन उभी राहायची, श्वास चाललाय ना बघायची आणि परत यायची. आपण सगळ्या जगाची कुलुपं बदलतो आणि आपल्या बापाच्या उशाशी तेवढं एक तसंच राहतं, हे तिला सोसत नव्हतं. जेवताना हातातला घास हातातच राहायचा. कॅबमध्ये ती मान टाकून झोपायची आणि ऑफिसच्या फाटकापाशी दचकून जागी व्हायची.

पंधरवड्याने एका सकाळी अब्बा चहा पिताना म्हणाले, “तुझ्या डब्याची काळजी सोड आता. हॉस्पिटलात विचारून आलो. सगळं ठीक झालंय म्हणाले.”

“दुरुस्ती आली?”

“आली म्हणाले ना.”

आरफाने डब्याच्या कंपनीचं वेबसाइटवरचं पान उघडून पाहायला हवं होतं. तिने पाहिलं नाही. इतक्या दिवसांनी कुणीतरी ‘झालं’ म्हटलं होतं, आणि तिला ते हवं होतं. त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली, आणि त्यानंतर रात्री अब्बांच्या दारात जाणंही तिने सोडलं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी अब्बा नमाजसाठी हात-पाय धुवायला बसले आणि त्यांच्या हातून लोटा सुटला. अम्मीने हाक मारली, तर त्यांनी वळून पाहिलं. पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि जिभेवरून जे आलं तो शब्द नव्हता. आरफा हिंजवडीहून धावत आली तोवर त्यांना पिंपरीतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. उजवी बाजू गेली होती. वाचाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पेसमेकरला यंत्र लावून आतली नोंद पाहिली. “ठोके गेले कित्येक आठवडे अनियमित पडतायत. त्यातूनच रक्ताची गुठळी झाली असणार. आधी कळलं असतं, तर रक्त पातळ करायची गोळी सुरू करता आली असती. यांच्याकडे घरी मॉनिटर नाही का?”

“आहे,” आरफा म्हणाली. “तो रोज पाठवतो.”

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. फेब्रुवारीपासून काहीच आलेलं नव्हतं.

घरी येऊन आरफाने पलंग ओढला. उशाशी डबा नव्हता. कपाटात, अब्बांच्या लोकरी टोपीखाली तो वायरीसकट टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेला होता.

“तूच सांगितलंस ना बंद करायला?” अम्मी दारातून म्हणाली. “आरफाने सांगितलंय म्हणाले. मी म्हटलं, तिला त्यातलं कळतं.”

आरफाने डबा टॉवेलमधून सोडवला.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा दवाखान्यात आला. चिखलीचा जुना शेतकरी, अब्बांचा तरुणपणापासूनचा दोस्त. त्याने जहीरभाईंच्या पायांवर हात ठेवला आणि मग तो आरफाला बाहेर बाकावर घेऊन आला.

“पोरी, तुला ठावं न्हाई वाटतं. त्यो डबा त्यानं सोताच काढला. मला सांगितलं हुतं.”

“का काढला, काका? डॉक्टर चालू ठेवा म्हणाले होते.”

“म्या बी तेच म्हणलं. तर म्हणाला, दत्तोबा, माझी पोरगी झोपत न्हाई त्या डब्यापायी. रातच्याला दारात येऊन हुबी राहती. मी डोळं मिटून पडतो, तिला वाटतं मला कळत न्हाई.” दत्तोबाने उपरणं तोंडाशी धरलं. “म्हणाला, एवढी दोन वरसं काय झालं न्हाई, तर हितून म्होरं काय व्हायचंय. म्या बी मग गप बसलो. बसाया नको हुतं.”

आरफा उठून आत अब्बांपाशी गेली.

कंपनीचं पान तिने नंतर उघडलं. अब्बांनी डबा काढल्यावर थोड्याच दिवसांत दुरुस्ती आली होती. जे डबे चालू होते त्यांच्यात ती रातोरात आपोआप बसली होती. कुणाला हात लावावा लागला नव्हता, कुणाला कळलंही नव्हतं. त्या चुकीतून कुणाच्या डब्यात कुणी शिरल्याची एकही बातमी कुठे नव्हती. ऑफिसात कुलदीपने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो म्हणाला, “तू काही चुकीचं सांगितलं नव्हतंस.” ते खरंच होतं. त्याने काही हलकं झालं नाही.

पावसाळा संपता संपता अब्बा व्यायामाला जाऊ लागले. सायली नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी त्यांना आधी चेंडू दाबायला देई, मग फळीवर लावलेले बोल्ट. नट उचलायचा आणि उजव्या हाताने बोल्टवर चढवायचा. पन्नास वर्षं अंधारात, गाडीखाली आडवं पडून, नुसत्या बोटांनी नट लावणारा माणूस टेबलाशी बसून तो नट चिमटीत धरायला बघत होता. नट निसटला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून पुन्हा उजव्या बोटांत ठेवला. तो बोल्टवर टेकला, पण तिरका बसला.

“मी करू का, अब्बा?” आरफाने हात पुढे केला.

जहीरभाईंनी डाव्या हाताने तिचा हात हळूच बाजूला सारला. तिरका चढलेला नट त्यांनी उलटा फिरवून काढला, कारण तसाच रेटला तर आटे जातात, आणि पहिल्यापासून लावायला घेतला. आरफाने हात मांडीवर घेतले आणि ती बघत बसली.