जास्वंदीची राखण

अंजनीचं लग्न झालं ते एकोणीसशे बत्तीस सालच्या वैशाखात. दुसऱ्या दिवशी दारापुढचा मांडव उतरवताना तिचा बाप नागोजी वाटेवरच थबकला. एका बाजूला त्याच्या घराची जास्वंद, समोर अप्पासाहेब वकिलांची मेंदी, आणि दोन्ही कुंपणांमधून चौकातल्या बागेकडं जाणारी गाडीवाट. मेंदीच्या फांद्या वाटेवर झुकल्या होत्या.

"वकील बांध कोरतोय," तो बायकोला म्हणाला.

बायाक्का भांडी आवरत होती. "नांगर कुठाय त्यांच्याकडं?"

"ही माणसं कागदावर नांगर धरत्यात. आज वाट, उद्या आपलं अंगण."

टिळकवाडीतला हा सगळा चौक पूर्वी नागोजीचं शेत होतं. जिथं जोंधळा डोलायचा तिथं बंगले उभे राहिले, मधोमध बाग झाली, बाकं आली. विकताना त्यानं घरापुरता तुकडा तेवढा राखला होता. तोही कुणी कुरतडला तर म्हातारपणी पाय कुठं टेकायचे, ही धास्ती त्यानं घेतली.

त्या पावसाळ्यात त्यानं जास्वंदीच्या काड्या वाटेकडं वीतभर पुढं सरकवून लावल्या.

"राखण हाय ही," तो म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात आणखी वीतभर. मग ती रीतच पडली. तरी मेंदी आपल्याकडं सरकतच आलीय, असं त्याला दर साली दिसे.

दिवाळीच्या सुमारास अप्पासाहेब स्वतः कात्री घेऊन मेंदी छाटत.

"नागोजीराव, जास्वंद झकास फुललीय तुमची."

"व्हय," म्हणून नागोजी तडक घरात येई. "ऐकलंस? टोमणा मारला."

"फुलाला चांगलं म्हणाला, त्यात टोमणा कसला?"

"वकील फुकट बोलत न्हाय गं."

"मग फी द्या जावा," बायाक्का म्हणाली.

त्रेचाळीसच्या पौषात एका सकाळी अप्पासाहेबांच्या छातीत कळ आली. टांगा बोलावला, पण तो वाटेच्या तोंडाशीच अडकला. अप्पासाहेबांना ओसरीवर निजवलं होतं. टांगेवाला म्हणाला, "कुंपण तोडल्याबिगर चाक शिरत न्हाय."

नागोजी कोयता घेऊन आला तो सरळ मेंदीवरच. इतक्या वर्षांचा राग हातात उतरला होता. फांद्या पडत गेल्या, बुंधे उघडे पडले आणि कोयता दगडावर खणकला. हद्दीचा दगड. मोजणीच्या दिवशी त्यानंच पहारीनं खड्डा काढून तो रोवला होता. मेंदीची सगळी खोडं दगडाच्या पलीकडं, वकिलांच्याच जमिनीत होती.

अप्पासाहेबांच्या पत्नी यशोदाबाई पायरीवरून म्हणाल्या, "थांबलात का? कापा की. दरवर्षी हे आमचीच कापतात. तुमच्या जास्वंदीबद्दल कुणी काही बोलायचं नाही, अशी ताकीद आहे घरात."

वाट ओलांडून नागोजीनं जास्वंद बुंध्यापासून तोडायला घेतली. बायाक्का बाहेर आली आणि पडलेल्या फांद्या बाजूला ओढू लागली.

टांगा आत आला.

त्या बाजूला नागोजीनं पुन्हा काही लावलं नाही. अप्पासाहेब त्याच आठवड्यात इस्पितळात वारले, पौषातल्या एकादशीला. नागोजी गेला सत्तेचाळीसच्या श्रावणात.