मुनाफचाचांच्या बारा डब्या

चौथं काडतूस वर आलंच नाही. जंगलखात्याच्या साहेबांनी बोल्ट मागे ओढला, पुढे सारला, पण हाती काही लागलं नाही. त्यांनी रायफलीच्या पोटाची पोलादी डबी काढून पाहिली. आतली नकली काडतुसं पेंगुळल्यासारखी तिथेच चिकटून बसली होती.

"ही तिसरी, मुनाफमियाँ," साहेब म्हणाले. "हीच का तुमची जन्मभर टिकणारी मॅगझीन?"

दाभोशाच्या वाटेवरच्या या जंगलनाक्यावर मुनाफचाचांनी पावसाळ्याआधी मारलेली पैज आता, पाऊस सरल्यावर, अंगाशी आली होती.

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खोटं नाही. जूनमध्ये साहेबांनी मुंबईहून नमुन्याच्या चार प्लास्टिकच्या डब्या आणल्या. काळ्या, कंगव्याइतक्या हलक्या. "पावसाळाभर दोन्ही वापरून बघू. तुमच्या अडल्या तर बाराच्या बारा भंगारात," असं साहेब म्हणाले, आणि चाचा चवताळले. नाक्यावरच्या पोलादी डब्या म्हणजे लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेला माल. जव्हारात बंदूक-दुरुस्तीचं परवानाधारक दुकान एकट्या चाचांचं, आणि गेली तेवीस वर्षं त्या डब्यांच्या स्प्रिंगा त्यांनीच बदललेल्या. सगळ्यांच्या देखत ते बोलून बसले, "माझ्या हातची एक डबी अडली तरी दुकानाला कुलूप लावीन!"

आणि आता एक सोडून तीन अडल्या होत्या. प्लास्टिकच्या चारही मात्र सुरळीत चालल्या होत्या.

चाचांनी तिसरी डबी उचलली. पक्कडीने आतली, काडतुसं वर ढकलणारी पट्टी आणि स्प्रिंग उपसून काढली. स्प्रिंगवर गंजाचा ठिपका नव्हता, पण बोट लावलं तर बोटच चिकटलं. गुळाच्या पाकासारखा पिवळा थर. त्यांनी तो नाकाशी नेला आणि त्यांना घरच्या भाजीचा वास आला. खुरासणीचं तेल!

त्यांनी मान वर केली. नाक्याचा राखणदार भिका खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. सात वर्षं रोजंदारीवर काढल्यावर येत्या महिन्यात तो कायम व्हायचा होता, आणि त्या कागदावर सही याच साहेबांची लागायची होती.

"भिका, तेल कुठला घातला?" चाचांनी हळूच विचारलं.

"घरचा, चाचा." भिका पुटपुटला. "आयेन घाण्यावरून आनलेला. रोज सांजचे बाराही पुसल्या. लोखंड पावसात गंजंल, तुमी हराल, मना वाटला..."

चाचांना गलबलून आलं. या भल्या माणसाने स्वतःच्या ताटातलं तेल डब्यांना पाजलं होतं. गंज लागला नाही खरा, पण ते तेल पावसाळाभर आतल्या आत सुकून डिंक झालं होतं.

"कोणी काय घातलंय यात?" साहेब जवळ आले.

नुसतं भिकाकडे बोट केलं असतं तरी चाचांची अब्रू वाचली असती. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना तो मोह झालासुद्धा.

"कसूर माझा हाय, साहेब," ते म्हणाले. "मी याला बोललो, तेल देत जा. कुठला तेल, ते बोललोच नाय. मशीनचा तेल आणून द्यायला पायजे होता मी."

"म्हणजे हरलात?"

"हरलो. पण थोडा रॉकेल आनि अर्धा तास द्या. डब्या हरल्या का, ते बघू या."

भिका कंदिलाचं रॉकेल घेऊन धावत आला. चाचांनी तिन्ही डब्या खळबळून धुतल्या, पुसल्या, भरल्या. या वेळी दहाच्या दहा काडतुसं वर आली, तिन्ही वेळा. साहेबांनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी एक पोलादी आणि एक प्लास्टिकची डबी ओट्यावरून खालच्या दगडावर टाकली. पोलादीचा काठ वाकला. प्लास्टिकची टुणकन उडून जशीच्या तशी पडली.

"बघा," साहेब खुशीत म्हणाले.

चाचांनी काळी डबी उचलून तिच्या काठावरून नख फिरवलं. एके ठिकाणी नख अडलं. केसाएवढी चीर होती. मग पोलादीचा काठ पक्कडीने सरळ करून त्यांनी दोन्ही साहेबांच्या हातात दिल्या.

"वाकला तो सरळ होतो, साहेब. फुटला तो फुटला. पन खरा बोलतो, पावसात तुमचीच बरी. तिला गंज नाय, तेल नाय."

साहेब माणूस सरळ होता. त्यांनी चिरेवरून स्वतःचं नख फिरवून पाहिलं, आणि म्हणाले, "पावसाळ्यात काळ्या वापरू. उघडीप पडली की तुमच्या. आणि भिका, तेल यांनाच विचारून घालत जा."

भिकाने एवढ्या जोरात मान हलवली की साहेबांनाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिका उरलेल्या नऊ डब्या पोत्यात घालून जव्हारला आला. चाचांना तो लांबूनच दिसला. दुकानाच्या दारावर टपोरं पितळी कुलूप पाहून तो रस्त्यातच थबकला. त्याचा चेहरा पडला.

"चाचा! साहेब तं काय बोलला नाय. मंग कुलूप कशाला?"

"शब्द दिला होता. आज दुकान बंद." चाचा पायरीवर फतकल मारून बसले होते. पुढ्यात रॉकेलचं डबडं, चिंध्या आणि मशीनच्या तेलाची बाटली. "पायरीला कुठे कुलूप हाय? बस इथे. पट्टी कशी काढायची, बघ."

भिकाने आधी पोत्यातून एक बाटली काढून पुढे केली. "आयेन दिलाय. भाजीला."

चाचांनी खुरासणीच्या तेलाची ती बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि मशीनच्या तेलापासून चांगली हातभर लांब ठेवली.

पहिली पट्टी काढताना भिकाच्या हातून स्प्रिंग उडाली. दुसरी नीट निघाली. दुपारपर्यंत नऊच्या नऊ डब्या कुलपाखालच्या पायरीवर उन्हात ओळीने वाळत होत्या.