उताराची काठी

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, ऑगस्टच्या सतरा तारखेला, माझा दीर कास्पर आमच्या घरामागच्या उतारावर धाडकन पडला. शनिवार होता. मी दोरीवर चादरी वाळत घालत होते. उठायच्याही आधी त्याने हातातली काठी माझ्या नवऱ्याच्या दिशेने भिरकावली.

“छत्र्या दुरुस्त कर तू, आम्ब्रोस! छत्री मिटली तर माणूस नुसता भिजतो, मरत नाही!”

आम्ब्रोस खाली वाकला. त्याने गवतातून काठी उचलली. कास्परच्या कमरेच्या वरपर्यंत येणारी ती काठी आता एकात एक सरकून निम्म्याहून आखूड झाली होती. ती मिटायलाच हवी होती. पण कास्परने मिटवल्यावर, त्याचा भार पडल्यावर नव्हे.

“लागलं का रे?” मी धावत जाऊन विचारलं.

“या गुडघ्याला आणखी लागायचं काय राहिलंय, बुर्गी?” तो म्हणाला आणि माझा हात न धरता कुंपणाला धरून उठला.

आठ दिवसांनी, पंचवीस तारखेच्या रविवारी, फाल्कनकोगेल डोंगरावर मिस्सेची प्रार्थना होती.

आमच्या दरीत सगळं त्या डोंगराच्या हिशेबाने चालतं. आम्ही त्याला नुसतं कोगेल म्हणतो. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावचे फादर शिखरावरच्या क्रुसाखाली मिस्सा करतात आणि त्यानंतर डोंगराने नेलेल्या माणसांची नावं वाचली जातात. वाचतो तो सर्वांत जुना वाटाड्या. त्याने स्वतःच्या पायांनी वर जायचं आणि स्वतःच्याच पायांनी खाली यायचं, असा रिवाज. ते जमेनासं झालं की नावांचा कागद पुढच्या वाटाड्याकडे जातो. कास्पर सोळा वर्षं वाचत होता. आदल्या वर्षी उतरताना शेवटचा तासभर दोन तरुण वाटाड्यांनी त्याला दोन्ही बगलांत धरून आणलं होतं. वाटाड्यांनी बैठकीत ठरवलं, आणखी एक वर्ष बघू. कास्पर त्या बैठकीला हजर होता आणि त्याने मान डोलावली होती. बायको गेल्यापासून त्याच्याजवळ उरलं होतं ते म्हणजे कोटावरचा वाटाड्याचा बिल्ला आणि तो कागद.

चढताना त्याला काही होत नसे. उतरताना मात्र डावा गुडघा प्रत्येक पावलाला दगा द्यायचा. साधी काठी घेऊन भागलं असतं, तर आम्ब्रोसला एवढा खटाटोप करावा लागला नसता. पण शिखराआधी कातळात पोलादी दोर ठोकलेला आहे, तिथे दोन्ही हात लागतात. लांब काठी पाठीवर बांधली तर ती खडकाला अडकून माणसाला मागे ढकलते. शिवाय दुसरं एक कारण होतं, ते कास्पर बोलून दाखवत नसे. गावातून, मोइदलच्या खाणावळीसमोरून, सगळ्यांच्या देखत वाटाड्याने काठी टेकत जायचं? त्यापेक्षा तो घरी बसला असता. म्हणून काठी अशी हवी होती की पिशवीच्या झाकणाखाली पूर्ण मावेल.

आम्ब्रोस सायकली, गवत कापायची यंत्रं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. घरामागे त्याची शेड होती. मार्चपासून तो या काठीच्या मागे लागला होता. तंबूच्या सांगाड्यातल्या ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या, एकीत एक सरकणाऱ्या. खाली जुन्या स्की-काठीचं टोक. मुठीला बुचाच्या झाडाची साल. पट्टा गाईच्या घंटेचा. नळ्या हव्या त्या लांबीवर अडकवायला आत गुडदी, म्हणजे बुचासारखा पोकळ तुकडा, बसवली होती, चार ठिकाणी चिरलेली. नळी पिळली की एक शंकू गुडदीत शिरायचा, गुडदी फुगायची आणि बाहेरच्या नळीला आतून घट्ट धरायची. त्या गुडद्या माझ्या भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या फळीतून लेथवर कातलेल्या होत्या. फळी कुठे गेली म्हणून मी दोन दिवस स्वयंपाकघर धुंडाळत होते.

“प्लास्टिक चांगलं आहे गं तुझं,” तो मला म्हणाला.

“फळी चांगली होती माझी,” मी म्हणाले.

हा माणूस भावाच्या गुडघ्यापायी एवढा का झटतो, ते गावात मला एकटीलाच माहीत होतं. लग्न झालं त्या वर्षी त्याने एकदाच सांगितलं होतं. अडतीस सालच्या फेब्रुवारीत दोघं भाऊ वरच्या कुरणातलं वाळलेलं गवत बर्फावरच्या घसरगाडीवरून खाली आणत होते. अठरा वर्षांचा कास्पर पुढे, गाडीच्या शिंगांसारख्या दोन दांड्यांमध्ये. अकरा वर्षांचा आम्ब्रोस मागे. तीव्र उतार आला की त्याने गाडीच्या घसरपट्टीखाली साखळी टाकायची आणि गाडीला अडवायचं, एवढंच त्याचं काम. साखळी त्याच्या हातून सुटली. गवताच्या भाऱ्यासकट गाडी कास्परच्या पायावरून गेली. वडील धावत आले तेव्हा कास्पर म्हणाला, “माझाच पाय घसरला.” त्यानंतर दोघांनी तो विषय कधी काढला नव्हता.

त्या शनिवारी आम्ब्रोस शेडमध्ये गेला तो जेवायलाच आला. “गुडदी नीट फुगत नाही,” तो म्हणाला. “शंकूचे आटे बदलतो.”

सोमवारी मी काठी घेऊन उतारावरून चालले. माझं वजन बऱ्यापैकी होतं, त्यामुळे चाचणीला मीच असायचे. दहा पावलं टिकली, अकराव्याला भस्सकन बसली. आम्ब्रोसने ती खोलली, नळ्या पुसल्या, खिशातून तेलाची कुपी काढून दोन-दोन थेंब सोडले आणि पुन्हा जोडली. पुन्हा अकरा पावलं. संध्याकाळपर्यंत माझ्या निळ्या एप्रनवर काळ्या तेलाचे पट्टेच पट्टे उमटले होते. तो एप्रन रविवारचा होता. घाईत मी चुकून तोच बांधला होता.

मंगळवारी आम्ब्रोस कुणाचं तरी यंत्र बघायला शेजारच्या गावी गेला. मी दुधाचे कॅन धुवायला बसले होते. दुधाच्या भांड्यात चरबीचा अंश राहिला तर दूध नासतं, म्हणून आम्ही धुण्याचा सोडा कडकडीत पाण्यात घालून ती घासतो. काठी दाराशी टेकलेली. तिला पाहिलं आणि एप्रनचा राग उफाळून आला. म्हटलं, निदान पुढचा एप्रन तरी वाचेल. काठी खोलली. त्या नळ्या, गुडद्या, शंकू सगळं सोड्याच्या पाण्यात टाकलं आणि बाटल्यांच्या ब्रशने आतून खरखरून घासलं. पाणी डांबरासारखं निघालं. मग सगळं उन्हात वाळवलं आणि त्याने जोडलेलं पाहिलं होतं तसं जोडलं.

आम्ब्रोस परत आला तेव्हा मी उतारावर होते. गंमत म्हणून गेले होते. अकरावं पाऊल झालं, विसावं झालं. मी ओढ्यापर्यंत पोहोचले आणि मुठीवर दोन्ही हात ठेवून अंगातला सगळा भार टाकला. काठी जागची हलली नाही.

तो सायकल तशीच टाकून खाली आला. “काय केलंस?”

“धुतली.”

“म्हणजे?”

“सोड्याने. दुधाच्या कॅनसारखी. माझ्या एप्रनची काय दशा केलीस ते बघ आधी.”

त्याने काठी घेतली, पिळून सोडवली, ओढली, पुन्हा पिळली, भार टाकला. मग तो ओढ्याकाठच्या दगडावर बसला. त्याने खिशातून तेलाची कुपी काढली आणि नुसता बघत राहिला तिच्याकडे.

“तेल,” तो म्हणाला. “अगं, जे सरकतं त्याला तेल घालायचं, एवढंच येतं मला. चौदाव्या वर्षापासून तेच करत आलो. आणि हिला तर धरून ठेवायचं होतं. मी तिला सरकायला शिकवत बसलो पाच महिने.”

मी हसले. तो हसला नाही. मग जरा वेळाने तोही हसला, डोळे पुसत. मी ती कुपी त्याच्या हातातून काढून घेतली आणि घरात जाऊन कपाटावर, मारियामातेच्या मूर्तीमागे ठेवली. त्याची सवय मला ठाऊक होती.

कास्पर काठीला हात लावायला तयार नव्हता. शुक्रवारी आम्ब्रोसने त्याच्यासमोर ती उभी केली आणि तिच्या मुठीवर स्वतःचं पोट टेकवून दोन्ही पाय वर उचलले. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, सर्कशीतल्या अस्वलासारखा.

“उतर, शहाण्या,” कास्पर म्हणाला. “तोंडावर आपटशील.” पण त्याने काठी घेतली. आम्ब्रोसने त्याच्या उंचीला ती लावली आणि कुठवर ओढायची ते कळावं म्हणून आतल्या नळीवर सुईने एक रेघ ओढली.

रविवारी पहाटे गावातून निघालो तेव्हा काठी पिशवीत होती. मोइदल खाणावळीच्या पायऱ्या झाडत होती.

“कास्पर, आज उतरताना कोण उचलणार रे तुला? सांगून ठेव, त्यांची बिअर काढून ठेवते!”

“तूच ये की उचलायला. तेवढाच तुझा व्यायाम होईल,” कास्पर म्हणाला आणि ताठ चालत राहिला.

कातळावर त्याने दोन्ही हातांनी पोलादी दोर धरला आणि तरुणांच्या आधी वर पोहोचला. क्रुसाखाली वारा होता. फादरांची टोपी दोनदा उडाली. कास्परने एकेचाळीस नावं वाचली. प्रत्येक नावानंतर तो थांबायचा, जणू ‘ओ’ येते का ते ऐकत असावा. मग त्याने कागदाची घडी घालून छातीच्या खिशात ठेवली.

उतरताना आम्ही मुद्दाम मागे राहिलो. कातळ संपल्यावर त्याने इकडेतिकडे पाहून काठी काढली, रेघेपर्यंत ओढली, पिळली. पहिली शंभर पावलं आम्ब्रोस त्याच्या पुढे उलटा चालत होता, दोन्ही हात पसरून.

“सरळ चाल,” कास्पर म्हणाला. “तूच पडशील.”

काठी धरून होती. खडीवर, ओल्या मुळांवर, प्रत्येक पावलाला टक् असा आवाज करत. अर्ध्या वाटेवरच्या झऱ्यापाशी आम्ही बसलो. मी पाव आणि खारवलेलं मांस काढलं. आम्ब्रोस चाकूने मांस कापू लागला.

“साखळी तुझ्या हातून सुटली होती, ते मला तेव्हाच कळलं होतं,” कास्पर झऱ्याकडे बघत म्हणाला. “हात गारठले होते तुझे. हातमोजे माझ्याकडे होते, दोन्ही जोड.”

आम्ब्रोसचा चाकू थांबला.

“पुढच्याच वर्षी मला सैन्यात तपासायला बोलावलं. डॉक्टरने हा पाय वाकवून पाहिला. वाकेना. म्हणाला, जा घरी. माझ्या वर्गातले नऊजण युद्धात गेले. चर्चच्या भिंतीवर नावं आहेत त्या सगळ्यांची. दर रविवारी आत शिरताना मी ती नावं वाचतो आणि पुढे होतो.” त्याने बोटाने गुडघ्यावर टिचकी मारली. “छत्तीस वर्षं तू आधी याच्याकडे बघतोस आणि मग माझ्याकडे. तोंडाकडे बघत जा की कधीतरी.”

आम्ब्रोस पुन्हा कापू लागला. फार जाड कापत होता. सगळ्यांत मोठा तुकडा त्याने पावावर ठेवला आणि भावाला दिला. त्याच्याकडे पाहून दिला.

गावाबाहेर लार्चच्या लाकडी फळ्यांचं कुंपण लागतं. काठी तिथे मिटवून पिशवीत टाकायची असं ठरलं होतं. कास्पर तिथे थांबला. आम्ब्रोसने काठी घ्यायला हात पुढे केला.

“राहू दे,” कास्पर म्हणाला.

तो गावात शिरला. रस्त्याच्या दगडांवर टोक वाजत होतं. खाणावळीच्या अंगणात सगळे वाटाडे बसले होते. मोइदलने कमरेवर हात ठेवले.

“काय रे, कुणा आजीबाईंची काठी पळवलीस?”

“तुझीच गं,” कास्पर चालता चालता म्हणाला. “आम्ब्रोसकडे माप देऊन ये. तुझी जरा जाड लागेल.”

सगळ्यांत आधी मोइदलच हसली. वाटाड्यांपैकी कुणीतरी आपली बिअर उचलून कास्परच्या नेहमीच्या जागेवर नेऊन ठेवली.

कास्परने त्यानंतर आणखी सात वर्षं नावं वाचली. आठव्या वर्षी त्याने आपणहून कागद दिला, आणि चौऱ्याऐंशीच्या थंडीत तो आपल्या पलंगावर झोपेत गेला. डोंगराच्या कागदावर त्याचं नाव नाही आणि चर्चच्या भिंतीवरही नाही. मोइदल चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरातच माप द्यायला आली होती. नव्वदीपर्यंत जगली आणि शेवटी शेवटी आपल्या काठीने खाणावळीतल्या गिऱ्हाइकांना हाकलायची. फादरांची बदली झाली. पहिल्या काठीनंतर वर्षभराने शहरातून आलेला एक गिर्यारोहक आम्ब्रोसला म्हणाला की अशा काठ्या कारखान्यांत बनतात, दुकानात मिळतात. आम्ब्रोसने त्याची काठी मागून घेतली, खोलली, नाकाशी धरून हुंगली आणि म्हणाला, “हिला तेल घालू नका बरं.” दरीतल्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी त्याने एकूण तेवीस काठ्या केल्या. तो जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

तेलाची कुपी अजून मारियामातेच्या मूर्तीमागे आहे. कास्परची काठी माझ्याकडे आली. कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जायला मी ती घेते. मी कास्परहून बरीच ठेंगणी, त्यात दरवर्षी आणखी आक्रसते आहे. त्यामुळे आम्ब्रोसने ओढलेली रेघ एरवी वरच्या नळीच्या आत दडलेली असते. वसंतात एकदा मी काठी खोलते आणि सोड्याच्या पाण्यात धुते. नळ्या उन्हात वाळत असतात तेव्हा तेवढी ती रेघ दिसते. मी तिच्यावरून बोट फिरवते आणि नळ्या कोरड्या झाल्या की काठी पुन्हा जोडते.