दुधाची मिशी

आहाराच्या बाईंनी वर्गातल्या एका मुलीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. दूध! शाळेत रोज मिळणारं, इथेच बसून प्यायचं दूध. बाई “मिशी दाखवा!” म्हणायच्या, ओठावर पांढरी रेघ दिसली की खूश होऊन पुढे सरकायच्या. पोरगी नुसते ओठ बुडवत होती तर! आणि वर्गाची वजनं मेली जागची हलेनात म्हणून बाई वजनकाट्याच्या नावाने बोटं मोडत होत्या.

बरं, ही कोण? वर्गातल्या ‘धाकट्या बाई’! कशाने रक्त वाढतं, कशाने हाडं, विचारायचा अवकाश, हिचा हात वर. मधल्या सुट्टीत बाकीच्यांची शिकवणीही हीच घ्यायची. बाईंना तिचं कोण कौतुक.

“कुणासाठी नेतेस गं?”

“बाळासाठी.”

“आणि आई काय म्हणते?”

“तिला वाटतं, माझं पिऊन उरतं.”

“अगं, पण ते तू प्यायचं ना!”

मुलीने बाईंकडे असं पाहिलं, जणू धडा बाईच विसरल्यात.

“तुम्हीच नाही का शिकवलंत? पहिल्या दोन वर्षांत खाणं कमी पडलं, तर ते नंतर भरून निघत नाही. माझी दोन वर्षं तर कधीच संपली.”

वाक्य बाईंचंच होतं, मोठ्या हौसेने फळ्यावर रंगीत चित्र काढून शिकवलेलं. दूध यायचं ते पटावरच्या मुलांपुरतंच. जास्तीचं द्या म्हणून वरच्यांच्या विनवण्या करून त्या थकल्या होत्या. कुणी दाद देईल तर शपथ.

“तूही वाढतेच आहेस गं,” त्या कशाबशा म्हणाल्या. “पी बघू. माझ्यासमोर पी.”

मुलगी हिरमुसली. तिने मुकाट्याने बाटली तोंडाजवळ नेली.

तेवढ्यात मागे खुडबुड झाली. बाईंनी वळून पाहिलं. सगळा वर्ग हाताची घडी घालून शहाण्यासारखा बसला होता. प्रत्येकाच्या ओठावर पांढरी मिशी होती. मघापर्यंत बाकांवर असलेल्या बाटल्या मात्र सगळ्या बाकांखाली गेल्या होत्या.

बाईंनी एकेका मिशीवरून नजर फिरवली. मग त्यांनी मुलीच्या हातातली बाटली हळूच खाली घेतली.

“झाकण घट्ट लाव,” त्या म्हणाल्या. “वाटेत सांडेल.”