भागवत सरांचा दाखला

वाशिमच्या एका नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात रंजीताने बारा वर्षं किल्ल्या सांभाळल्या. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेली ही बाई कुठलं पुस्तक कुठे आहे ते डोळे मिटून सांगायची. पण ग्रंथपालाची खुर्ची तिला मिळाली नाही, कारण दाखला नव्हता. खुर्ची मिळाली भागवत सरांना. मग यांचा दाखला कुठाय, हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो निघेचना.

विचारलं की सर इतिहास सांगत. अमेरिकेत म्हणे १९४९ पासून दवाखान्याच्या ग्रंथपालाला दाखला मिळतो. पुढे परीक्षा आली, मग परीक्षाही गेली, आता दर पाच वर्षांनी तो नवा करून घ्यावा लागतो. आपण कागद मागावा आणि माणसाने अमेरिका गाठावी! इथेच कुठेतरी पाणी मुरतंय, असं रंजीताने ठरवून टाकलं.

त्यात सर कपाटातली पुस्तकं काढून पोत्यांत भरू लागले. पोती मागच्या खोलीत, वर कुलूप. मालेगावच्या रद्दीवाल्याला विकणार, दुसरं काय. तिने प्राचार्यांकडे तक्रारअर्ज दिला.

चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. सरांकडे ग्रंथालयाची साधी पदवी होती, दवाखान्याच्या ग्रंथपालाचा दाखला नव्हताच. आणि पोत्यांतलं एकही पुस्तक कमी नव्हतं. न विचारता पुस्तकं काढली म्हणून सरांची नोकरी मात्र गेली. जाताना सरांनी किल्ल्या तिच्याच हातात ठेवल्या.

"रंजीताबाई, तो दाखला दर पाच वर्षानं नवा कायले करा लागते, हे तुमी मले कधी इचारलंच नाही."

पुढच्याच आठवड्यात कॉलेजची तपासणी होती, पुस्तकांचा आकडा भरायचा होता. प्राचार्य म्हणाले, पोत्यांतली पुस्तकं परत लावा. रंजीता लावायला बसली, तर प्रत्येक पुस्तकात सरांच्या अक्षरातली चिठ्ठी. वरच्याच पुस्तकात लिहिलं होतं की लहान मुलांच्या औषधाचं यातलं प्रमाण आता चालत नाही, नवं पुस्तक पाहावं. तिला लाज वाटली, फार वाटली.

तेवढ्यात दुसऱ्या वर्षाची वैभवी आली आणि नेमकं तेच पुस्तक मागू लागली. दुपारी तिची लहान मुलांच्या वॉर्डात ड्यूटी होती.

"हे नाही भेटत. शिळं झालं. नवं घेऊन जाय."

"तुमाले काय समजते त्यातलं, ताई? तुमच्यापाशी दाखला हाय का?"

"नाही," रंजीता म्हणाली. "भागवत सरापाशीबी नव्हता."

तिने नवं पुस्तक वैभवीच्या हातात दिलं, जुनं पोत्यात टाकलं, आणि पोती एकेक करून पुन्हा मागच्या खोलीत ओढत नेली.