दांड्यावरचा निळा टॉवेल

तासभर काम, मग दहा मिनिटं खेळ, हा घरदुरुस्तीचा नियम बाबांनी घालून दिला होता. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. ते म्हणायचे, सलग काम केलं की हात चिडतो आणि चिडलेला हात लाकूड वाया घालवतो. मी बँकेतला कारकून, माझा हात करवत नुसती बघूनच चिडतो. त्यामुळे पहिल्याच रविवारी नियम उलटा झाला. दहा मिनिटं काम आणि तासभर खेळ.

खेळ म्हणजे उरलेल्या फळकुटांची खेळणी. घरात लहान मूल नाही. बायकोने एकदा विचारलं, हे कुणासाठी, तेव्हा आम्ही दोघांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आधी शेपूट हलवणारं कुत्रं झालं, मग बदक घेतलं. उतरत्या फळीवर ठेवलं की आपोआप डुलत खाली जाणारं. बाबांचे हात थरथरायचे, म्हणून ते सांगायचे आणि मी कापायचो. लहानपणी मी खिळा वाकडा ठोकला की ते माझ्या हातातून हातोडी काढून घ्यायचे. आता माझं बदक दोन पावलांत तोंडावर आपटलं, तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मला ते फार आवडत होतं, हे कबूल करतो.

त्या रविवारी काम एकच होतं. बाथरूममध्ये बाबांना धरायला स्टीलचा दांडा बसवायचा. चार स्क्रू. बायको महिनाभर मागे लागली होती. दोन बसले, तिसऱ्याला टाइलमागे भिंत पोकळ लागली आणि स्क्रू नुसताच फिरायला लागला. भोकात ठोकायचे जाड प्लग आणायला दुकानात जावं लागणार होतं. ड्रिल मात्र हातात होतं आणि बदकाच्या पायांना भोकं पाडायची होती. मी दांड्यावर निळा टॉवेल टाकला आणि बाबांना सांगितलं, हा आहे तोवर धरायचं नाही. ही त्यांचीच पद्धत. खुर्चीचा गोंद ओला असला की ते तिच्यावर चिंधी टाकायचे, म्हणजे कुणी बसायचं नाही. बाबांनी मान डोलावली. बायकोला सांगायचं मला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण मग काम अर्धवट का, हे ऐकून घ्यावं लागलं असतं.

नऊ दिवस गेले. प्लग आले नाहीत. बदक मात्र चालायला लागलं.

दहाव्या दिवशी मी बँकेत असताना बाबा पडले. दांडा भिंतीतून निघून हातात आला आणि उजवं मनगट मोडलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा बायको विचारत होती, दांडा कच्चा आहे हे कुणी सांगितलं कसं नाही. बाबाच म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं गं. मीच विसरलो. वय झालं."

माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटायला हवी होती, ती घरी आल्यावर वाटली. बाथरूममध्ये टॉवेल कुठेच नव्हता. म्हणजे बाबा काही विसरले नव्हते. मी त्याच संध्याकाळी प्लग आणून चारही स्क्रू असे आवळले, की भिंत पडेल पण दांडा हलणार नाही.

पण बायकोने ते 'विसरलो' मनावर घेतलं. बाबांची काळजी माझ्यापेक्षा तीच जास्त घेते. तिने त्यांना गॅसला हात लावू देणं बंद केलं. गोळ्या स्वतः मोजून द्यायला लागली. एकट्याने फिरायला जाणं थांबलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या कपाटाची मापं ज्याला तोंडपाठ, त्या माणसाला रोज सकाळी आज वार कोणता, असं विचारलं जाऊ लागलं. बाबा निमूट उत्तर द्यायचे. आणि मी शेजारी मूग गिळून चहा प्यायचो.

मग एका संध्याकाळी जेवताना तिने बाबांकडे घराची किल्ली मागितली. बाहेर पडून वाट चुकले तर, म्हणाली. बाबांनी डाव्या हाताने ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. मला राहवलं नाही.

"ते काही विसरलेले नाहीत," मी म्हणालो. "काम मीच अर्धवट सोडलं होतं. धरू नका, अशी खूण म्हणून दांड्यावर टॉवेल टाकला होता. त्या दिवशी तो नव्हता, म्हणून त्यांना वाटलं दांडा पक्का झाला."

इतक्या दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं. ती संतापेल, मी ऐकून घेईन आणि प्रकरण मिटेल, अशी माझी तयारी होती. तिने चमचा खाली ठेवला.

"निळा?" ती म्हणाली. "तो मी त्या सकाळी धुवायला टाकला होता."

ती उठून आत गेली. टॉवेल कुणी काढला असेल, हा विचार मी एकदाही केला नव्हता. मला माझ्याच अपराधाचं पडलं होतं.

"तुला काय वाटलं, तुला वाचवायला मी खोटं बोललो?" बाबा हळू आवाजात म्हणाले. "तुला तर मी चार शब्द सुनावलेच असते. पण तिनं बिचारीनं काय केलं होतं? कपडे धुतले."

मी उठून खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती पाठमोरी बसली होती. चूक माझी होती, एवढंच सांगण्यासारखं माझ्याकडे होतं, आणि ते तर मी नुकतंच सांगून बसलो होतो.